ग्लास लॉक्ड

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग हॉलंडमध्ये, हूफडॉर्पला होतं. हुकूम मुलाचा, कमांडिंग ऑफिसर सूनबाई. सकाळी कालव्याकाठी चालणं, येताना सुपरमार्केटमधून दूध आणि ब्रेड. निवृत्त विंग कमांडरला एवढी ड्यूटी पुरे, असं घरात सर्वांचं मत होतं.

एका शनिवारी मेधा आली. ती लायडनला एका बायोटेक कंपनीत संशोधक आहे. माझा दोस्त फ्लाइट लेफ्टनंट शरद मोघे याची मुलगी. शरद गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. जवळच जुन्या लढाऊ विमानांचं म्युझियम आहे, चला काका, म्हणाली. विमानं मी आयुष्यभर पाहिली आहेत, पण तिला नाही म्हणवेना.

तिथे एका टेबलावर ते हेल्मेट उघडंच ठेवलं होतं. गोल, पांढरं, पुढे मोठी काच, गळ्याशी रबरी कॉलर. आमच्याकडे होतं तसलंच. पन्नास हजार फुटांवर कॉकपिटमधला दाब गेला, तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. म्हणून अंग आवळून धरणारा प्रेशर सूट, आणि डोक्यावर हे. काच बंद असली की आत ऑक्सिजन भरतो. तेवढ्या उंचीवर काच उघडली की खेळ खलास.

एक म्हातारा डच स्वयंसेवक लोकांना इंग्रजीत माहिती देत होता. या हेल्मेटात वैमानिकांचा जीव घुसमटायचा, घाबरून ते काच उघडायचे आणि मरायचे, असं त्याने सांगितलं. दोघेतिघे हसले.

मेधा हळूच म्हणाली, "बाबांचंही असंच झालं ना?"

माझं डोकं भडकलं. हे वाक्य मी इतकी वर्षं नको त्या तोंडांतून ऐकत आलो होतो. आता ते शरदच्या मुलीच्या तोंडून आलं. "साफ खोटं आहे," मी म्हणालो. आवाज बहुधा परेडचा लागला असावा, कारण सगळे वळून बघायला लागले. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

आमच्या स्क्वाड्रनमध्ये वैमानिक जास्त आणि हेल्मेटं कमी. एका मापाचं हेल्मेट दोघातिघांत फिरायचं. एकाने घामाने भिजवायचं, दुसऱ्याने तेच घालायचं. मधल्या वेळात हँगरमागे खाटेवर आम्ही ती पापडासारखी वाळत घालायचो. ओलं हेल्मेट वर नेलं, तर दमटपणा काचेवर आतून गोठतो. काचेत तापणारी तार होती, पण ती लहर लागेल तेव्हा चालायची. आम्ही लेखी तक्रार केली. वरून उत्तर आलं, हेल्मेटं उन्हात नीट वाळवावीत. डिसेंबरच्या धुक्यात ऊन कुठून आणायचं, हे मात्र लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. त्याला कुठे ते घालून वर जायचं होतं?

त्या दिवशी धुकं दुपारी उठलं. शरदचं हेल्मेट आदल्या दिवशी दुसऱ्याने वापरलेलं, अजून ओलंच होतं. "सर्दी होणार बघ," म्हणत त्याने ते चढवलं. मी लीडर, तो नंबर टू. उंचावर गेल्यावर नंबर टूने लीडरशी रेडिओवरचं प्रत्येक बोलणं 'ग्लास लॉक्ड', म्हणजे काच पक्की बंद आहे, असं म्हणून सुरू करायचं, ही आमच्या स्क्वाड्रनची शिस्त होती.

"टू. ग्लास लॉक्ड. कॅबिन प्रेशर गेलं. सूट फुगलाय."

"रॉजर. खाली चल."

"ग्लास लॉक्ड. काच पांढरी झालीय. काही दिसत नाही."

मी त्याच्या पंखाशेजारी आलो आणि आवाजावर त्याला उतरवू लागलो. थोडं डावीकडे. नाक वर. सरळ. आंधळ्या कोशिंबिरीसारखं विमान चालवत होता तो, तरी प्रत्येक हुकूम तंतोतंत पाळत होता. काच उघडली असती तर त्याला क्षणभर सगळं दिसलं असतं. मोह कुणालाही झाला असता. त्याने ती उघडली नाही. दर वेळी तेच दोन शब्द, आणि मागे त्याचा जड श्वास.

दहा हजार फुटांवर मी म्हणालो, "ओपन ग्लास."

"उघडत नाही. कडी गोठलीय."

"इजेक्ट."

"रॉजर."

विमान उजवीकडे कलंडलं आणि खालच्या ढगात गेलं. पॅराशूट दिसलं नाही.

अवशेषांत काच फुटलेली आणि कडी उघडी सापडली. चौकशीत ठरलं, वैमानिकाने घाबरून उंचावरच काच उघडली. विमानाचा चुराडा झाला होता, कडी तेवढी जागेवर राहायला हवी होती यांना! मी साक्ष दिली. तुमच्या भावना समजू शकतो, असं मला सांगण्यात आलं. ओल्या हेल्मेटाबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात मात्र प्रत्येकाला स्वतःचं हेल्मेट मिळालं. चूक शरदची होती, तर मग ही मेहेरबानी कशासाठी? त्याचा राग मला आजही येतो.

मेधाच्या आईला मी हे तेव्हाच सांगितलं होतं. आता काय फरक पडतो भाऊजी, म्हणाली, आणि पुन्हा विषय काढू दिला नाही.

मेधा उठली आणि त्या म्हाताऱ्याशी डचमध्ये बोलली. त्याने थोडे आढेवेढे घेतले, मग हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवून काच लावली. बघता बघता तिच्या श्वासाने काच धुरकटली. चेहरा दिसेना. म्हातारा गडबडीने कडीकडे हात नेऊ लागला. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि ताठ उभी राहिली. ती कशाची वाट पाहतेय, हे माझ्या लक्षात आलं.

"ओपन ग्लास," मी म्हणालो.

तिने काच उघडली. डोळे भरलेले होते. मग ती म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलली. त्यातला 'मोघे' एवढा शब्द मला कळला. तो दोनदा तिच्यामागून तसाच उच्चारून बघत होता.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा पुढचा गट आत आला. म्हाताऱ्याने हेल्मेट उचललं आणि या वेळी डचमध्ये सुरुवात केली. तो काय सांगतोय, मी मेधाला विचारलं.

ती म्हणाली, "एका वैमानिकाला काहीच दिसत नव्हतं, तरी त्याने काच उघडली नाही, असं सांगतोय. नाव पण सांगितलं."

फ्लाइट लेफ्टनंट शरद मोघे. ग्लास लॉक्ड.