विहिरीच्या काठावरचे पाय

आमच्या पेंटरचा उजवा हात तासगाव भागात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक चित्र काढण्यासाठी आणि दुसरी लोकांच्या कानाखाली जाळ काढण्यासाठी. दोन्ही कामं तो सारख्याच मन लावून करायचा. चित्राला कुणी हसलं, की आधी ब्रश चिंधीने नीट पुसायचा, डब्यावर आडवा ठेवायचा आणि मगच उठायचा. ब्रशला धक्का लागू नये एवढी काळजी तो घेत असे. हसणाऱ्याची घेत नसे. मीही एकदा हसलो होतो. माझ्या डाव्या कानात अजूनही थंडीच्या दिवसांत बारीक शिट्टी वाजते.

कोल्हापूरला तो चित्रकला शिकायला गेला आणि दुसऱ्याच वर्षी मास्तरांच्या गळपट्टीला हात घालून परत आला. पोटासाठी ट्रकच्या फाळक्यांवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचा. स्वतःची चित्रं मात्र सदऱ्यांवर काढायचा आणि ते सदरे रोजच्या वापरात घालायचा. कॅनव्हास परवडत नाही म्हणून हे चाळे, असं गावाला वाटे. त्याचं म्हणणं निराळं होतं. "आवं, भित्तीवरचं चित्र बगाय मानूस यावं लागतंय. आंगावरचं चित्र मानसाकडं जातंय. बाजारात जातंय, एस्टीत बसतंय, मैताला जातंय. माझं चित्र घरात कुजाय न्हाई काडलेलं."

रंग ट्रकचाच, ऑइलपेंट. वाळला की सदरा पापडासारखा कडक व्हायचा आणि पेंटर खाली बसला की पाठीत करकर वाजायचं. "पेंटर, खुंटीला कशाला अडकवतोस? कोपऱ्यात हुबा कर की," असं आमचे अण्णा त्याला म्हणत. अण्णा म्हणजे माझे वडील, गावातले शिंपी. पेंटरचे मांजरपाटाचे सदरे आमच्याच दुकानात शिवले जात. मी तेव्हा मास्तरकीचं शिक्षण संपवून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत होतो आणि दुकानात काजं करत बसत होतो. अण्णांनी त्याला चेष्टेत काहीही म्हणावं, त्यांच्यावर मात्र पेंटरचा हात कधी उठला नाही.

माणसाचा चेहरा तो कधीच काढत नसे. फक्त पाय, गुडघ्याखालचे. "त्वांड काय, आरशात बघून बघून घोटून ठिवल्यालं असतंय. पायाकडं कोन बगतंय? म्हनून पाय खोटं बोलत न्हाईत." ते पायही सरळ नसायचे. निळे, हिरवे, काठीसारखे लांबवलेले, बोटं भेंडीएवढी. पण गंमत अशी, की गावातलं शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवून सांगायचं, हे पोस्टमनचे, हे गुरवाचे.

बेलबॉटमवर घालायला मी एक मोतिया रंगाचा बुशशर्ट शिवला होता. पेंटर म्हणाला, "दे हिकडं, लय मोकळा दिसतोय." आठवड्याने शर्ट परत आला तो पाठीवर दोन जांभळे पाय घेऊन. शिलाई मशिनच्या पायट्यावर ठेवलेले पाय, टाच उचललेली आणि डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. तो घालून मी तासगावच्या बाजारात गेलो, तर मागून एक बाई ओरडली, "अगं बया, शिंपीअण्णाचं पाय!" बापाचे पाय पोरगा पाठीवर घेऊन हिंडतोय म्हणून सगळा बाजार हसला. अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मापाचा लाकडी गज उचलला आणि पेंटरच्या कपाळात घातला. कपाळ फुटलं. पेंटरने रक्त बोटावर घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "अण्णा, ह्यो रंग डब्यात न्हाई मिळत." अण्णांनाच हसू फुटलं. जखमेत हळद त्यांनीच भरली आणि मी शर्ट ट्रंकेच्या तळाशी घातला.

मार देण्याइतकाच त्याला मार खाण्याचाही सराव होता. एकदा बेदाण्याच्या अडतीवर चौघांनी त्याचा सदरा अंगावरून फाडला. संध्याकाळी तो उघडाच गावात आला, एक डोळा मिटलेला आणि मुठीत एक बाही. "एवडी राखली," म्हणाला, आणि अण्णांपुढे ती बाही ठेवून तिला नवा सदरा जोडायला सांगितला.

त्याचा थोरला भाऊ शंकर म्हणजे गरीब गाय. शेतात खुरपायलाही तो धाकट्याचे रंगवलेले सदरे घालून जायचा. उन्हात ते तापायचे, अंगाला पुरळ यायचं. "आमच्या पेंटरनं काडलंय," एवढंच तो सांगायचा. त्या दोघांची आई तानूमावशी म्हणायची, माझं एक पोरगं आग आणि एक पोरगं पाणी.

दुष्काळाच्या साली वाटणीतल्या सामाईक विहिरीने तळ गाठला. सर्जेराव म्हणून त्यांच्याच भावकीतला बडा बागाईतदार, त्याचा ऊस वाळत होता आणि पाण्याच्या पाळीवरून तो शंकरशी रोज भांडत होता. त्या सकाळी पेंटर विहिरीत उतरून गाळ भरत होता आणि शंकर काठावरून बादली ओढत होता. वर आवाज चढले. पेंटरने मान वर केली. त्याला दिसला तो विहिरीच्या तोंडाचा गोल उजेड आणि त्या उजेडाभोवती उभे असलेले पाय. मग शंकर त्याच्या अंगावर येऊन पडला. कोयत्याने मान अर्धी तुटली होती. भावाला पोटाशी धरून पेंटर दुपारपर्यंत गाळात उभा होता, कारण वरून दोर कुणी सोडलाच नाही.

खटल्यात काठावरच्या सगळ्यांनी सांगितलं, आम्ही तिथं नव्हतो. वकिलाने पेंटरला विचारलं, "मारणाऱ्याचा चेहरा पाहिलास?" पेंटर म्हणाला, "त्वांड न्हाई बगितलं. पाय बगितलं. पाय सर्जेरावचं हुतं." लोक हसले. हसणाऱ्याच्या कानाखाली न काढता पेंटर गप्प राहिला, असं त्याच्या आयुष्यात एवढं एकदाच झालं असेल. सर्जेराव सुटला आणि गावात हलगी वाजवत आला.

त्यानंतर पेंटरने दुसरं चित्र काढलंच नाही. प्रत्येक सदऱ्यावर तेच: काळ्यात एक पांढरा गोल आणि त्याच्या कडेवर दोन फताडे, आत वळलेले, तांबडे पाय. सर्जेराव जिथे जाईल तिथे तो सदरा जायचा. सोसायटीत, देवळात, लग्नाच्या पंगतीत सर्जेराव बसला, की पेंटर समोर पाठ करून उभा राहायचा. सर्जेरावच्या माणसांनी तीनदा त्याला बेदम मारला. दात गेले, एक बरगडी मोडली, तिसऱ्या वेळी मेला समजून ओढ्यात टाकून दिला. बरा झाला की नवीन सदरा शिवायला हजर. माझी ऑर्डर आली नव्हती म्हणून त्याची मापं मीच घ्यायचो. टेप छातीवर लावली की तो दुखून शिवी द्यायचा. तासगावच्या कॉलेजातली दोन-चार पोरंही तसले शर्ट रंगवून मागू लागली. सर्जेरावच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी बाजारात ते पाय पाहिले, चौकशी केली आणि जमलेलं लग्न मोडलं. दुसरं स्थळही तसंच परत गेलं.

तेव्हा कुठे सर्जेरावला तडजोड आठवली. आमच्याकडे भावकीतलं वैर मिटवायची रीत अशी, की गुन्हा करणाऱ्याने दुसऱ्याला पांढरा पोशाख करायचा. पोशाख आदल्या दिवशी घरी पोचवायचा. समोरच्याने तो घालून देवळापुढे पंचांसमोर यायचं, दोघांनी एकमेकांना गूळ भरवायचा आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. पोशाख अंगावर चढला की वैर संपलं. कपड्याचं काम आमच्याच दुकानात आलं.

पेंटर नाही म्हणाला. तानूमावशीने त्याच्यापुढे पदर पसरला. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "येक नेला त्यांनी. दुसरा मी दिऊ व्हय रं? मला न्याय नगं, मला पोरगं पायजे." पेंटरने तिचा पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "आये, पोशाख घालतो. तुला सबूद दिला." तानूमावशीने त्या दिवशी पोळ्या केल्या आणि आमच्याही घरी आणून दिल्या.

अण्णांनी तो सदरा फार मन लावून शिवला, शुभ्र पॉपलीनचा. मध्येच हात थांबे, पायटा थांबे. मला वाटलं, वय झालं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळा गाव बसला होता. पंचांच्या ओळीत सर्जेराव आणि कडेला अण्णा. पेंटर आला तो खांद्यावरून घोंगडं पांघरून. पंच म्हणाले, "घोंगडं काड की. पोशाख दिसू दे." त्याने घोंगडं टाकलं. पुढून सदरा पांढराशुभ्र होता. तानूमावशीच्या तोंडावर हसू आलं. मग तो सावकाश वळला.

पाठीवर तोच गोल होता, विहिरीतून दिसलेला. पण आता त्याच्या भोवती दोनच पाय नव्हते. गोलभर पाय होते. पंचांपैकी एकाचे पोटऱ्यांवर शिरा फुगलेले, दुसऱ्याचे मिलिटरी बूट, तिसऱ्याचे भेगाळलेले. आणि समोर मांडी घालून बसलेल्यांचे खरे पाय एकेक करून धोतरात, उपरण्याखाली ओढले जाऊ लागले. नुसते पाय लपत होते. गोलाच्या डाव्या कडेला एक टाच उचललेला पाय होता, अंगठा बाहेर वळलेला. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनीही पाय धोतराखाली घेतला होता.

"आये, पोशाख घातलाय बग," पेंटर म्हणाला. तेवढ्यात सर्जेराव उठला. पूजेच्या नारळांपाशी कोयता होता. पहिला घाव पाठीत, त्या गोलातच बसला. पेंटर फिरला, त्याने सर्जेरावची मानगूट धरली आणि दोघंही नारळांवर पडले. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा मनगटावर. वरून सुकला तरी रंग आतून अजून ओलाच होता. सर्जेरावच्या दोन्ही हातांना, छातीला, तोंडाला तो लागला, आणि त्यात रंग कुठला आणि रक्त कुठलं हे कळेना. तानूमावशी मध्ये पडली, तिला सर्जेरावने लाथेने उडवली. पाचशे माणसं बसली होती. मी धावलो, पण पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही त्याला सांगलीला नेला. ट्रॉलीवरचं नाव त्यानेच रंगवलेलं होतं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कवठे गाव मागे पडल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "रंग वाळला का रं?" मी म्हटलं, "वाळतोय." "हात लावू दिऊ नगंस कुनाला," म्हणाला. सांगलीच्या अलीकडेच तो गेला. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्याच्यासाठी मी आजही रडतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सदरा पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेला. जबाब घ्यायला आले तेव्हा गावाने पुन्हा तेच सांगितलं. कुणी म्हणे मी पाणी प्यायला गेलो होतो, कुणी म्हणे माझी पाठ होती. आमच्या घरात अण्णा जेवत नव्हते. एका सकाळी मशिनवरून उठले आणि म्हणाले, "त्यो माझ्या पायाचा शर्ट हाय न्हवं तुझ्याकडं? त्यो घाल. सांगलीला जायचंय." मी ट्रंकेतून शर्ट काढला. घड्यांवर रंगाला तडे गेले होते.

कोर्टात शिपायाने तो पांढरा सदरा टेबलावर उलगडला. रंग, रक्त आणि तीन चिरा. सर्जेरावचा वकील म्हणाला, ह्या वेड्यावाकड्या आकृत्यांना काय अर्थ आहे? अण्णा पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी वहाण काढली, धोतर वर उचललं आणि डावा पाय कठड्यावर ठेवला. म्हणाले, "सायेब, त्यातला डाव्या कडंचा पाय ह्यो हाय. मी विहिरीवर हुतो. मी देवळापुढंबी हुतो." मग विहिरीपासून देवळापर्यंत सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांच्यामागून मिलिटरी बूटवाला उभा राहिला, मग भेगाळलेल्या पायांचा. शंकरचा खटला निकाली निघाला होता, तो परत उघडला नाही. पेंटरच्या खुनाला मात्र सर्जेरावला जन्मठेप झाली.

अण्णांची साक्ष झाली त्या दिवशी बाहेर तानूमावशी पायरीवर बसली होती. अण्णा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. तिने वर पाहिलं नाही. ती त्यांच्या पायांकडेच बघत राहिली.

"आलास व्हय अण्णा?" ती म्हणाली. "विहिरीपासनं हितवर याय लय दिस लागलं तुला. माझी दोन्ही पोरं गेली तवर."

अण्णांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती त्यांच्यापेक्षा वयाने लहान होती.