फुकटचं ऊन

सौर पंप बसला तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो वेळेचा. आधी विजेचे आठ तास मिळायचे, तेही तिच्या सोयीनं. आता सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, म्हणजे रोज नऊ तास. शेत वरवंडच्या पुढं माळावर, नोकरी दौंडला रेल्वेच्या स्टोअरमध्ये. कामावर जाताना कळ दाबायची, आल्यावर बघायचं.

चूक तिथंच झाली. लिंबोणीच्या एकशे बारा झाडांना तीन तासांचं पाणी पुरत होतं. पण डोक्यावर ऊन असताना पंप बंद ठेवायचा, हे ताटात टाकून उठल्यासारखं वाटायचं. ऊन फुकट चाललंय, या एका विचारापायी मी गुरांसाठी लावलेल्या घासाचा तुकडा वाढवला, बांधावरच्या शेवग्यांनाही पाट काढला. शेजारच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, त्याच वर्षी पंप घेतला. ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्यानंही घेतला. तिघांचे बोअर एकाच खडकात आहेत.

माझ्याकडे एक नायलॉनची दोरी आहे, टोकाला जड नट आणि दर पाच फुटांवर गाठ. दर रविवारी सकाळी सातला, पंप सुरू व्हायच्या आत, मी ती बोअरमध्ये सोडतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाणी एकशे बेचाळीस फुटांवर होतं. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी ते दोनशे सहावर गेलं. पंप दोनशे ऐंशीवर सोडलेला आहे. राहिले चौऱ्याहत्तर फूट, आणि शेवटच्या दोन्ही आठवड्यांत नऊ-नऊ फूट उतरलेलं. म्हणजे जेमतेम आठ आठवडे, जूनचा मध्य. पावसाचं पाणी आमच्या खडकात मुरून बोअरला लागायला ऑगस्ट उजाडतो. मधले दीड-दोन महिने झाडं तग धरणार नाहीत.

मुलगी सातवीत. त्याच दिवशी ती विज्ञानाची उजळणी करत होती. वहीत दोन रकाने : भरून येणारी साधनसंपत्ती आणि संपून जाणारी. ऊन, वारा, पाणी डावीकडे. कोळसा, डिझेल उजवीकडे.

मी विचारलं, "बोअरचं पाणीही डावीकडेच?"

"पुस्तकात पाणीच लिहिलंय, पप्पा. पाऊस पडला की भरतं ना?"

"भरतं. पण आपण ओढतो तेवढ्या वेगानं नाही."

"मग कुठं लिहू?"

मी तिला पुस्तकात आहे तेच लिही म्हणालो. परवा तिचा पेपर होता.

दुपारी आप्पांकडे गेलो. "आलं मोजणी खातं," असं म्हणून त्यांनी खाट पुढं सरकवली. मी सगळे आकडे सांगितले आणि तिघांनी दिवसाला चारच तास पंप चालवायचा, असं सुचवलं.

"तुझा आकडा खोटा न्हाई," ते म्हणाले. "पण मी बंद केला आन् वड्यापल्याडच्यानं चालूच ठेवला, तर माझं पाणी तिकडंच जाणार ना? आधी त्याला तयार कर."

ओढ्यापलीकडं गेलो. तिथंही चहा मिळाला आणि आप्पांचंच म्हणणं ऐकायला मिळालं, फक्त बोट उलट्या दिशेला. तुम्ही चुलते-पुतणे आधी बंद करा, मग मला सांगा, असं तो हसत म्हणाला. त्याचंही चूक म्हणता येईना. त्याच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो.

कुणीतरी सुरुवात करावी म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार मी माझा पंप पूर्ण बंद ठेवला. दोन्हीकडचे पाट वाहताना मला माझ्या बांधावरून दिसत होते. बुधवारी संध्याकाळी लिंबोणीची पानं आत वळायला लागली आणि बुडाशी हिरवी लिंबं गळालेली दिसली. मी मोजली, एकेचाळीस भरली.

गुरुवारी सकाळी सातला दोरी सोडली. रविवारपेक्षा चार फूट खाली. पंप चालू असता तर चार दिवसांत पाच फूट उतरलं असतं. माझ्या थांबण्यानं वाचला तो एक फूट, आणि तोही माझ्यासाठी राहील याची खात्री नव्हती.

आप्पा त्यांच्या बांधावर दात घासत उभे होते. "काय रं, झालं का मोजून?"

"झालं."

पॅनलवर तीन दिवसांची धूळ बसली होती. धूळ बसली की पाणी कमी येतं. मी फडकं ओलं करून आठही पॅनल पुसले, उगवतीकडं वळवले आणि आठ वाजायची वाट न बघता कळ दाबली.