अर्धा फेरा

टाकीचा जोड मी फोडला, माझ्या बायकोनं नाही. एवढं साधं वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी बीडच्या एका शाळेत मुलांना खरं बोलण्याचं महत्त्व पटवून देत होतो, तेही पगारी.

मी विज्ञान शिकवतो. तरफ, बल, दाब हे सगळं मला फळ्यावर उत्तम येतं. बायकोचं शिक्षण वेगळ्या ठिकाणी झालं. तिचे वडील नांदूरघाटला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, आणि शाळा सुटली की ती त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायची. लग्नात ती भांड्यांबरोबर एक पाइप पानाही घेऊन आली. वडिलांच्या हातचा, मुठीला धोतराची चिंधी गुंडाळलेला. तिला तो रुखवतात मांडायचा होता. आमच्याकडच्या बायकांनी मांडू दिला नाही.

त्यामुळे आमच्या घरात दुरुस्तीची एक शिस्तबद्ध पद्धत होती. जिला काम येतं तिनं खाली उभं राहायचं आणि ज्याला येत नाही त्यानं वर चढायचं. छतावर चढलेली बाई गल्लीला दिसली तर लोक काय म्हणतील, हा माझा प्रश्न. ती शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर थांबायची, नुसतं डोकं स्लॅबच्या वर, आणि हळू आवाजात सांगायची, "उलटं फिरवताव तुमी." मी मोठ्या आवाजात म्हणायचो, "माहितीये मला." मग सुलटं फिरवायचो.

अशा रीतीनं मी न्हाणीघराची कडी बसवली, कुलरचा पंप बसवला, स्वयंपाकघरातला गळका नळ बंद केला. माझी कामं टिकायची. पाहुणे आले की मी त्यांना कडी लावून दाखवायचो.

आमच्या कॉलनीत नळाला पाणी दहाव्या-बाराव्या दिवशी येतं. त्यामुळे छतावरची टाकी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोठी इस्टेट. टाकीच्या बुडाशी पाइपाचा जो प्लास्टिकचा जोड असतो, तो ठिबकायला लागला होता. पाणी येण्याच्या दिवशी सकाळी, टाकी रिकामी असताना, नवा जोड बसवायचा ठरलं. सासरे डोळे तपासायला बीडला आले होते. गुडघे दुखतात म्हणून ते खाली अंगणात खुर्चीवर बसून राहिले, नाहीतर त्यांनीच बसवला असता.

मी तिचा पाना घेऊन वर चढलो. ती शिडीवर.

"हातानं आवळा जेवढं जाईल तेवढं," ती म्हणाली. "मग पान्यानं अर्धा फेरा. बस."

"अर्ध्यानं काय होतंय? दाब किती असतो माहितीये का तुला?"

"प्लास्टिक हाय ते. लोखंड न्हाई."

खाली सासऱ्यांना शब्द कळत नव्हते, पण कोण कुणाला सांगतंय ते कळत होतं. जावई विज्ञानाचा शिक्षक आणि सूचना बायकोच्या, हे मला बरं दिसेना. मी चार फेरे दिले. चौथ्याला 'कट्' असा बारीक आवाज झाला. मी खाली वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असा वैज्ञानिक निष्कर्ष काढून मी उतरलो.

अकराला पाणी आलं. टाकी भरली. आम्ही जेवून पडलो. तासाभरानं शेजारच्या चाचांची हाक आली. त्यांचा फळांचा गाडा आहे. दुपारी ते घरी येतात.

"ओ मास्तर, आज गल्लीलाबी पानी सोडलं का? लई मेहरबानी."

छतावरून पाण्याची धार लागली होती. वर जाईपर्यंत टाकीत तळाला वीतभर गढूळ पाणी उरलं होतं. दहा दिवसांचं पाणी चाचांच्या दारावरून गटारात गेलं. जोड मधोमध चिरला होता.

मी तो काढून खाली आणला. सासऱ्यांनी हातात घेऊन, तपासलेल्या डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"लई आवळलंय की. असं कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "हिनं सांगितलं तसंच आवळलं, मामा."

विचार करून बोललो नाही, आपोआप आलं. पण परतही घेतलं नाही. ती दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"प्लास्टिकला किती फेरे द्यायचे, इसरलीस का गं?" सासऱ्यांनी तिला विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"इसरले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते गावी निघाले तेव्हा तिनं पाना धुऊन, पुसून त्यांच्या पिशवीत टाकला. "तुमालाच कामाला यील," एवढंच म्हणाली. त्यांनीही ठेवून घेतला.

इथं एखादा लाजला असता. मी त्या प्रसंगाचा किस्सा केला. लिंबागणेशला पाहुण्यांकडे बारशाला गेलो तिथं सांगितला, शाळेत सांगितला. मोटारवाल्याच्या पोरीनं टाकी कशी फोडली. लोक हसायचे. सांगता सांगता अर्ध्या फेऱ्याचे तिच्या तोंडी सहा फेरे झाले. ती ताटं वाढत असायची.

त्यानंतर ती कधी शिडीजवळ आली नाही. मी एकटाच दुरुस्त्या करू लागलो, आणि एक चमत्कार दिसला. काहीच टिकेना. कडी पुन्हा बसवली, ती आठवड्यात हातात आली. कुलरच्या पंपानं मला झटका दिला. नळ आधी थेंब थेंब गळायचा, तो माझ्या दुरुस्तीनंतर धारेनं गळू लागला.

"आधीची कडी पाच वर्षं कशी टिकली?" मी एकदा तिला विचारलं.

ती भाजी निवडत होती. "तुमी शाळेत गेला की मी काढून परत बसवायचे."

"आणि पंप? नळ?"

"त्येबी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमाला लई आनंद व्हायचा. पावण्यांना दाखवायचा."

मी पाच वर्षं पाहुण्यांना तिची कडी दाखवत होतो.

पुढच्या रविवारी तिला म्हटलं, नांदूरघाटला जाऊन येऊ. कशाला ते सांगितलं नाही. मांजरसुंब्याला चहा प्यायलो तेव्हा तिनं विचारलं, "आज कावून एवढं गप?" मी म्हणालो, ऊन आहे.

सासरे अंगणात बाजेवर होते. मी समोर बसलो आणि शाळेत सूचनावहीत लिहितात तशा भाषेत सुरुवात केली. "मामा, टाकीच्या त्या प्रकरणात काही गैरसमज झाला असावा."

"कुणाचा?" बायको पाणी देता देता म्हणाली.

मग मात्र सरळ बोललो. "मामा, जोड मी फोडला. तिनं अर्धाच फेरा सांगितला होता, मी चार दिले. फुटल्याचा आवाजही मी ऐकला होता. तुमच्यापुढं खोटं बोललो."

ते बाजेवरूनच तिच्याकडे वळले. मग तिला म्हणाले, "तू तर म्हणलीस इसरले."

"दहा दिवस बिनपाण्याचे काढायचे होते त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "त्यात भांडण कुठं घालू?"

सासरे उठले. गुडघ्याला हात लावत आत गेले आणि चिंधीच्या मुठीचा तो पाना घेऊन आले. मी हात पुढं केला. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

ती त्याचा जबडा फिरवून बघत होती. मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो. तिच्या वडिलांच्या देखत मी तिला सांगितलं, "तू काही विसरली नव्हतीस. तुझ्या नावावर मी खोटं सांगितलं आणि दीड वर्ष लोकांना हसवलं. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना मीच जाऊन खरं सांगेन. माझं चुकलं. मला माफ कर."