शाळेच्या खोलीतला मारुती

देवळात शाळा भरवणं म्हणजे काय, ते भरवणाऱ्यालाच ठाऊक. शनिवारी तेल घालणाऱ्यांची रीघ, सणाला भजन, मधेच कुणीतरी नवस फेडायला कुटुंबकबिला घेऊन हजर. आणि पुजारी वर मलाच सांगणार, "बाई, पोरींना जरा गप करा की." गप काय करू, कपाळ! पाढे म्हणायलाच तर बसवल्या होत्या मेल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते ते. सोनईच्या बाजूच्या एका गावात मुलींच्या शाळेवर माझी बदली झाली होती. नवरा गेल्यावर मी पुण्याला ट्रेनिंग केलं आणि जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाच्या नोकरीला लागले. या गावात येईपर्यंत इतक्या गावचं पाणी प्यायले होते की हौस म्हणून काही उरली नव्हती. शाळा एकशिक्षकी. झाडणं, पाणी भरणं, शिकवणं, घरोघर जाऊन पोरी गोळा करणं, सगळं माझ्याच गळ्यात. संध्याकाळी बिऱ्हाडी आलं की चूल पेटवायचाही कंटाळा यायचा.

महारवाड्यातली एक मुलगी शाळेत यायची. ती देवळाच्या पायरीखाली पोतं टाकून बसे. बाकीच्या मुली आत सावलीत आणि ही बाहेर उन्हात. मी फळा दाराशी आणून तिरका ठेवायची, म्हणजे तिलाही दिसावं. तरी ती मान वाकडी करकरून वाचायची, आणि बाकीच्यांच्या आधी वाचायची. एखादी चुकली की बाहेरून हिचा आवाज, "तसं न्हाई बाई, ती चुकली!" भारी आगाऊ. मला ती आवडायची.

सगळी मुलं एकत्र बसवा, असा बोर्डाचा हुकूम होता. मी तो पाटलांना वाचून दाखवला. पाटील माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या दोन्ही नाती त्यानं शाळेत घातल्या होत्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हुकूम शाळेला हाय, बाई. देवळाला न्हाई." देऊळ होतंच ते. तेव्हाच मी ठरवलं, शाळेला स्वतःची खोली हवी. खोली झाली की ही पोरगी आत.

बोर्डाकडे अर्ज केला. उत्तर आलं, खोली गावानं बांधावी, शिक्षिकेचा पगार बोर्ड देतच आहे. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच उत्तर. बरं, गावाकडे तरी रोकडा पैसा कुठला? पण विहिरींवर ऊस होता, आणि साखर मिळेनाशी झाल्यामुळे गुळाला भाव आला होता. गुऱ्हाळं सुरू झाली तशी मी पदर खोचला आणि एकेका गुऱ्हाळावर जाऊन उभी राहिले. "शाळेची एक ढेप काढा."

"बाई, तुमची शाळा गूळ खाती व्हय?"

"खाते. आणि तुमच्या पोरीला शहाणी करते. काढा ढेप."

लोक हसायचे, पण द्यायचे. कुणी काढून द्यायचं, कुणी उद्या या म्हणून चार खेपा घालायला लावायचं. माझ्या पायांचे तुकडे पडले. पाटलानं बैलगाडी दिली आणि गूळ राहुरीच्या बाजारात नेऊन विकून आणला. महारवाड्याकडे ऊस कुठून असणार? त्यांनी अंगमेहनत दिली. पाया खणला, ओढ्यातले दगड वाहिले, माती मळली. त्या मुलीचा बाप सगळ्यांच्या पुढे असायचा. धाब्याची खोली, एक दार, दोन खिडक्या. उन्हाळ्याच्या तोंडाला उभी राहिली.

पहिल्या दिवशी ती मुलगी दाराशी येऊन थबकली. मी म्हटलं, "ये गं, बघतेस काय?" तिनं पोतं काखेत मारलं आणि आत येऊन भिंतीशी बसली. कुणी काही बोललं नाही. खोली ती खोलीच. त्या दिवशी मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, नवरा गेल्यापासून तसा झाला नव्हता. बिऱ्हाडी गेल्यावर मी स्वतःपुरता शिरा केला, त्याच गुळाचा चुरा घालून.

काही दिवस असे गेले. मग पगार आणायला मला नेवाशाला जावं लागलं, आणि तिथं मुक्काम पडला. परत आले तर शाळेच्या दारावर आंब्याचं तोरण, आत कापराचा वास. समोरच्या भिंतीत नवा कोनाडा, आणि कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. पाया खणताना त्या मुलीच्या बापाच्या पहारीला एक दगड लागला होता. त्यावर जुन्या शेंदराची पुटं होती, म्हणून लोकांनी तो बाजूला ठेवला होता. तो दगड हा.

पाटील हात जोडून उभा. चेहरा नुसता फुललेला. "बाई, तुमी एकट्या बाईमाणूस. पोरीबाळी संभाळायच्या. म्हनून सोबत आनली. ब्राह्मन बोलावून रीतसर बसवलाय. लई खर्च झाला, पन तुमाला न्हाई सांगितलं." माझ्यासाठी केलं होतं हो त्यानं! माझ्यावरच्या मायेनं. मला रडावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. मुलींच्या शाळेला ब्रह्मचारी मारुती, एरवी मी पोट धरधरून हसले असते.

मी त्याला बाजूला घेतलं. "पाटील, अहो, पुन्हा देऊळ केलंत तुम्ही. ती पोरगी आता आत कशी यायची?"

त्याच्या तोंडावरून कळलं की हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं कोनाड्याकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "बसवलेला देव उठवायचा कुनी, बाई? गावावर काय आलं म्हंजे?"

"तिच्या बापानंच काढलाय तो दगड जमिनीतून."

"व्हय. धुतला की दुधानं."

दुसऱ्या दिवशी मी फळा उचलला आणि सगळी शाळा बाहेर लिंबाखाली नेली. म्हटलं, मारुतीला राहू दे एकटा आत. पण उन्हाळा कसा असतो आमच्याकडे! माती तव्यासारखी तापायची. आया भांडायला आल्या, "खोलीसाठी ढेप दिली आमी, आन् पोरी उन्हात?" त्यांचंही खरंच होतं. एकेक मुलगी घरी राहायला लागली. पटावर नावं, समोर कुणी नाही. तेवढ्यात तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले. त्यांनी मुली मोजल्या आणि पानसुपारी घेताना सांगितलं, "बाई, पट असा राहिला तर शाळा बंद करायची वेळ येईल. चांगली खोली आहे की." मी मारुतीचं सांगितलं. ते म्हणाले, "गावाच्या भावनेचा प्रश्न आहे, तुम्ही जरा सांभाळून घ्या." आणि टांग्यात बसून निघून गेले.

शाळा बंद झाली असती तर सगळ्याच मुली घरी बसल्या असत्या, तीसुद्धा. मी थकले होते. मी फळा परत आत नेला.

सकाळी मुली आत जाऊन बसल्या. ती दारापर्यंत आली, पोतं काखेत. आत बघितलं, कोनाड्याकडे बघितलं. उंबऱ्याच्या बाहेर पोतं पसरलं आणि बसली. रडली नाही की काही नाही. पाटीवर थुंकी लावून पुसायला लागली. मी फळा दाराशी सरकवला.

"बाई," ती म्हणाली, "ह्या खोलीत मी मारुतीच्या आदी बसले हुते ना?"

"हो."

"मग त्यो आत आन् मी भाईर, आसं कसं?"

आतल्या मुलीही माझ्याकडे बघायला लागल्या. पाटलाच्या दोन्ही नातीसुद्धा. मी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि त्या दिवशी पहिलं नाव तिचं घेतलं.

"हजर," ती उंबऱ्याबाहेरून ओरडली.