पायाकडं बघणारा माणूस

साखर कारखान्यासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथंच माझी चहाची टपरी. हंगामात एक माणूस रोज दुपारी पेन ड्राइव्ह घेऊन यायचा. कोरेगावात त्याचं नाचाच्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांचं छोटं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी होती. नवं गाणं इंटरनेटवर टाकण्याआधी तो ते एखाद्या ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लावायचा आणि ड्रायव्हरच्या पायाकडं बघत उभा राहायचा. पाय हलला नाही की गाणं रद्द.

एकदा ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकून चक्क घोरायला लागला.

मी म्हणालो, "बंद करा की आता. नापास झालं."

"नापासच हाय," तो म्हणाला. "पर रातभर रांगंत जागलाय गडी. बंद केलं तर उठंल."

रांग हलेपर्यंत तो तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत राहिला.