पिईल तेवढं तेल

लग्न होऊन मी बारामतीहून इंदापूरला आले, त्याच वर्षी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. घरात सागवानी खुर्ची एकच. सासरे म्हणाले, "सूनबाई, खुर्चीला तेल पाज. पिईल तेवढं पाज." मी करडईचं तेल तीन-तीनदा चोपडलं. वर राहिलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं असतं, हे सांगायला काय कुणाचं तोंड दुखत होतं?

चार दिवसांनी मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र धोतरात त्या खुर्चीवर बसले. मी दाराआड उभी होते. त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोटं उचलली, ती चिकटून सुटताना मला दिसली. तेलाचा डिंक झाला होता! चहा झाला, बोलणी झाली, आणि ते उठले. कासोटा मात्र उठला नाही. तो खुर्चीला चिकटून राहिला आणि धोतर सुटलं.

धोतर आवरत ते तडक निघून गेले. सासरे माझ्याकडं वळले. तेवढ्यात नणंद हसू दाबत मागून माझ्या कानाशी आली.

"वैनी, फुडच्या पावण्यालाबी तुमीच तेल पाजा."