गोड्या पाण्याचा पाहुणचार: मानोऱ्याहून वाशीमला गोगलगायी आणताना

वाशीमपासून समुद्र किती लांब आहे, हे मला कृपा करून कोणी सांगू नका. मला माहीत आहे. तरीही आमच्या बैठकीत समुद्र आहे, काचेच्या पेटीत. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. आमच्या वसंतरावांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खाऱ्या पाण्याचा टँक आणला. फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, वाळू, दगड, दिवे, आणि एवढं सगळं कशासाठी, तर नारिंगी रंगाच्या दोन माशांसाठी. तेव्हा मी पुष्कळ भांडले. मग मासे आले आणि त्यातला एक थेट माझ्या शाळेतल्या मदर सुपिरियरसारखा बघायला लागला, तेव्हा गप्प बसले.

मागच्या हिवाळ्यात वसंतरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. हात हळूहळू परत येतो आहे. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला: माशांचं खाद्य चिमटीत धरायचं आणि पाण्यात सोडायचं. रोज, दिवसातून अनेकदा. ते काम ते मन लावून करायचे, आणि मासे समोर आले की "मा... मासा" असं काहीतरी बोलायचेसुद्धा. पण दोन मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं वाळूत कुजलं, शेवाळ माजलं, आणि श्रावण लागेपर्यंत काच अशी हिरवी झाली की आत मासे आहेत हे विश्वासावरच मानायचं. मी खरवडायची, चार दिवसांत परत तेच. एके दिवशी वसंतरावांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. हात मांडीवर, तोंड बंद. त्या दिवसापासून 'मासा'ही नाही.

म्हणून मी गोगलगायी आणायच्या ठरवल्या. खाऱ्या पाण्यात शेवाळ आणि उष्टं खाणारे जीव सोडतात, हे ठाऊक होतं. एका ऑनलाइन दुकानाला फोन केला. "मॅडम, आमचं पॅकेज घ्या. गोगलगायी, खेकडे, कोळंबी, समुद्रकाकडी, सगळं एकत्र." मी विचारलं, यातलं कोण काय खातं? "सगळे सगळं खातात, मॅडम." सगळे सगळं खातात! एकमेकांनासुद्धा, हे त्यांनी सांगितलं नाही. शिवाय समुद्रकाकडी, म्हणजे तो काकडीसारखा दिसणारा जीव, पकडायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे. हे मी ऐकवलं तर म्हणाले, "मग ती काढून देऊ. पण वाशीम म्हणजे नेमकं कुठे येतं?" मी फोन ठेवला.

त्याच रात्री मासे पाळणाऱ्यांच्या गटावर मी माझा संताप सविस्तर लिहिला. खाली एक उत्तर आलं: "काकू, मी मानोऱ्यात असते. माझ्याकडे गोगलगायींना पिल्लं झालीत. या आणि घेऊन जा." मानोऱ्यात! मी मुंबई, हैदराबाद शोधत होते, आणि समुद्र आमच्याच जिल्ह्यात, एसटीच्या टप्प्यात.

शेजारच्या कुसुमताईंना वसंतरावांजवळ बसवलं आणि सकाळच्या गाडीने निघाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: वाशीमहून मंगरूळपीरमार्गे मानोरा. सकाळची गाडी धरा, कारण परतीला ऊन नको. सोबत घट्ट झाकणाची बादली, थर्माकोलचा डबा आणि जुना टॉवेल घ्या. पुढची जागा धरा, मागे बसलात तर पाण्यासकट तुम्हीही हिंदकळाल. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सगळा प्रवास एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडतो.

अर्ध्या तिकिटावरून आठवलं. कंडक्टर जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "आजी, पंच्याहत्तर झाले अशीन नं? आधार दाखवा, फुकट सोडतो."

"मला पंच्याहत्तर व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे," मी म्हणाले. "अर्धं द्या."

"रागावू नका नं, मावशी," असं म्हणून त्याने तिकीट दिलं. आजीची मावशी केली, एवढी सुधारणा मी मान्य केली.

मंगरूळपीरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मात्र खड्डे चुकवताना ड्रायव्हर दोन्ही बाजूंच्या शेतांना आळीपाळीने भेट देतो. सोयाबीन कमरेला लागलं होतं, मधून तुरीच्या ओळी, आणि तांड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर बायका, पोरं, बकऱ्या उतरत होत्या. मानोऱ्याच्या स्टँडसमोर आलूबोंडा आणि तर्री मिळते. डोळ्यांतून पाणी येईल, पण खा. मी कॉन्व्हेंटमध्ये काट्या-चमच्याने जेवायला शिकले आहे, तरी बोटं चाटली.

गटावर उत्तर देणारी ती प्रज्ञा, एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिशीची, हसरी. तिच्या घराच्या दारावर निळा झेंडा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या अगदी खाली लखलखीत टँक. माझ्या पोटात दुखलं. माझी काच इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

"काकू, आधी सांगा, खाद्य किती टाकता?"

"ते माझ्या हातात नाही," मी म्हणाले. "आणि कमी टाका असं सांगणार असाल तर मी याच पावली परत जाते."

मग चहा पिता पिता मी तिला हाताच्या व्यायामाचं सांगितलं. "मंग खाद्य कमी करायचंच नाही," ती म्हणाली. "खानारे वाढवू."

आम्ही टँकसमोर पाट घेऊन बसलो आणि निवड सुरू झाली. काचेवरच्या शेवाळासाठी तिने भोवऱ्याच्या आकाराच्या शंखाच्या गोगलगायी काढल्या. या उलट्या पडल्या तर आपोआप सरळ होतात. काही जाती होत नाहीत, पाठीवर पडल्या की तिथेच मरतात, म्हणून घेताना एक उलटी करून बघा. वाळूत पडलेल्या उष्ट्यासाठी दुसऱ्या, लहान. या दिवसभर वाळूत गाडून घेतात आणि खाद्याचा वास आला की सोंड वर काढून बाहेर येतात. दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे मला आवडले होते, पण प्रज्ञा म्हणाली की त्यांना मोठं घर हवं झालं की ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. असे नातेवाईक मला पुरेसे आहेत, नको म्हटलं.

माझा जीव मात्र एका कोळंबीवर जडला होता. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, लांब मिशा. तिच्याकडे दोन होत्या.

"काकू, ते शेवाळ खात नाही. आन् पान्यात जरा फरक झाला की जाते. एसटीत नाही टिकायची."

"मी मांडीवर घेऊन बसेन."

"नाही देत," प्रज्ञा म्हणाली. माझ्याशी असं बोलणारी माणसं कमी आहेत. मी फुरंगटूनच बादली उचलली. निघताना तिने तिच्या टँकचं पाणी भरलेली एक मोठी बाटली बळेच पिशवीत कोंबली. "जास्तीचं ठेवा. रस्त्यात काही झालं त."

परतीच्या गाडीत माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ बसले. थोड्या वेळाने बादलीकडे बघून म्हणाले, "दूध हाय काय, बाई?"

"गोगलगायी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बॉम्ब म्हणाले होते. "काहून? जिल्ह्यात कमी पडल्या काय? अवं, साऱ्या सोयाबीनचा चट्टामट्टा करून राह्यल्या त्या! आमी रोज पहाटे वेचतो आन् मिठाच्या पान्यात टाकून मारतो."

"या मिठाच्याच पाण्यात राहतात," मी म्हणाले.

सगळ्या माना बादलीकडे वळल्या. मागून एक बाई म्हणाली, "अवं माय! मंग यायले मारावं कशानं?"

"कंडक्टर!" गृहस्थ उभेच राहिले. "हे पाह्य, मिठानं न मरनारी जात आनली बाईनं! वावरात सुटली त आपलं खल्लास!"

कंडक्टर तोच होता. त्याने बादलीला कान लावला, कशासाठी ते देव जाणे. मी सांगितलं की या समुद्राच्या आहेत, शेतात सोडल्या तर घटकाभरात मरतील. गृहस्थ बसले, पण मंगरूळपीर येईपर्यंत त्यांनी बादलीच्या झाकणावर आपली काठी आडवी धरून ठेवली.

मंगरूळपीरला मी उतरले, कारण तिथे माझी मोठी नणंद राहते, अक्का, आणि तिच्या गावावरून न जेवता गेल्यास ती वर्षभर बोलत नाही. ही चूक तुम्ही करू नका. जिवंत जीव हातात असताना नातेवाइकांकडे थांबू नका. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भाकरी, वर कच्चा कांदा. मी हात धुऊन अंगणातल्या बाजेवर जरा टेकले, तोच डोळा लागला.

उठले तेव्हा अक्काची सून वैशाली बादलीजवळ बसली होती. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. "मामी, म्या पानी बदललं नं. झाकनाले पांढरं लागलं होतं, म्हनून बोट लावून चाखलं. थू! आमच्या माहेरच्या बोअरपेक्षा खारं. फिल्टरचं देलं त्याईले."

वैशालीचं माहेर अकोटकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे जमिनीखालचं पाणी खारं. पाहुणा आला की त्याच्यासाठी लांबून गोडं पाणी आणून ठेवतात, त्याहून मोठा मान नाही. तो मान तिने माझ्या गोगलगायींना दिला होता. आणि खाऱ्या पाण्याच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष.

"जुनं पाणी कुठे आहे?" मी किंचाळलेच.

"कढीपत्त्याले टाकलं."

कढीपत्त्यालासुद्धा मारलंस, असं मी म्हणाले, आणि आणखीही बरंच, जे इथे लिहिण्यासारखं नाही. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीठ टाकू काय मंग, मामी? घरात हाय नं."

"अवं, येडी झाली काय?" अक्का स्वयंपाकघरातून ओरडली. "मीठ टाकलं की गोगलगाय मरते, सारी दुनिया जानते!"

"अक्का, तुम्ही मध्ये बोलू नका!"

"अवं मीने, माह्या घरात मले बोलू नको म्हनते?"

घरचं मीठ चालत नाही हे समजावायला वेळ नव्हता. तेव्हा बाटली आठवली. प्रज्ञाची, बळेच कोंबलेली. वैशालीने बादली तिरपी धरली, मी गोडं पाणी ओतून टाकलं आणि बाटली रिकामी केली. तळाशी सगळ्या गोगलगायी दार लावून पडलेल्या. त्यांच्या पायाला एक कडक चकती असते, संकट आलं की आत शिरून तीच दारासारखी लावून घेतात. आत कोणी जिवंत आहे की नाही, हे बाहेरून समजत नाही. कोळंबीला असं दार नसतं. ती आणली असती तर तिथल्या तिथे गेली असती. मनातल्या मनात मी प्रज्ञाला हात जोडले.

वैशाली मला स्टँडपर्यंत सोडायला आली, बादली तिनेच धरली. "मामी, मेल्या त सांगजा. लपवू नका," म्हणाली.

घरी आल्यावर वसंतरावांच्या आजारपणातली उरलेली सलाईनची नळी घेतली, टँकचं पाणी थेंबाथेंबाने बादलीत सोडलं आणि अंधार पडेपर्यंत वाट बघितली. घाई केली तर उरलेल्याही मरतात. मग एकेक उचलून आत ठेवली. मोठ्या, भोवऱ्यासारख्या, काचेला टेकवल्या, लहान वाळूवर. वसंतराव खिडकीकडे तोंड करूनच बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्यांपैकी एक तशीच पडलेली, वास येत होता. ती काढून टाकली. बाकीच्या काचेवर चढल्या होत्या, आणि जिथून गेल्या तिथे बोटभर रुंदीच्या स्वच्छ वाटा उमटल्या होत्या. त्या वाटेतून मदर सुपिरियर बाहेर बघत होत्या.

पण वाळूतल्यांचा पत्ता नव्हता. वाळू सपाट. गाडून घेतलं होतं की वाळूत मेल्या होत्या? मेल्या असतील तर कुजून पाणी नासवतील आणि मासेही जातील. कळायला एकच उपाय होता, खाद्य टाकणं. चिमूट मी उचलली होती. मग थांबले आणि खिडकीपाशी गेले.

"अहो," मी म्हणाले, "वैशालीने तुमच्या समुद्राची वाट लावली आहे की नाही ते बघायचं आहे. माझ्याने होणार नाही. चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची मीच ओढत नेली. खाद्य त्यांच्या बोटांत दिलं. अर्धं बाहेर सांडलं, अर्धं पाण्यात. मासे आले, खाल्लं, उरलेलं वाळूवर बसलं. काहीच नाही. मी वैशालीला फोनवर काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागले.

तेवढ्यात कोपऱ्यातली वाळू हलली. एक बारीक सोंड वर आली, पाण्यात हुंगल्यासारखी हलली. मग शेजारी दुसरी. मग पलीकडे तिसरी. मेल्यांनी थडग्यातून उठावं तशा त्या वाळू झटकत बाहेर आल्या आणि उष्ट्याकडे धावल्या. हो, धावल्याच. गोगलगाय धावते हे मी पाहिलं आहे.

वसंतराव पुढे झुकले. डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं, त्या स्वच्छ वाटेवर. ओठ बराच वेळ जुळत होते, सुटत होते.

"गो... गोगल... गाय," ते म्हणाले. "निंगून... राह्यली."

लग्न झाल्यापासून मी त्यांचं वऱ्हाडी सुधारते आहे. एकदाही सुधारलं नाही. तरी सवय जात नाही. "निघते आहे," मी म्हणाले. "निघते आहे, म्हणा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, झटक्याआधी पाहायचे तसं.

"राह्यली," ते म्हणाले.

खर्च काय आला, असं कोणी विचारलं तर अर्धं तिकीट आणि एक आलूबोंडा. काच अजून पूर्ण स्वच्छ नाही, सोयाबीन काढणीपर्यंत होईल असं प्रज्ञा म्हणते. खुर्ची आता टँककडे तोंड करून असते. वैशालीला फोन केला, जगल्या म्हणून सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, कढीपत्ता मात्र गेला, मामी. नवीन रोप घेऊन पुढच्या आठवड्यात मंगरूळपीरला जाते आहे. वसंतराव सोबत येतो म्हणताहेत, म्हणजे त्यांच्या भाषेत, येऊन राह्यले.